मांजरीच्या वाट्याची मांदेली
मांदेली तळल्याचा वास आला की मला घाटकोपरच्या चाळीतली ती लांब केसांची पर्शियन मांजर आठवते. वरच्या मजल्यावरच्या काकू तिची पिल्लं विकायच्या, पण त्यांच्या घरात मासे चालत नसत. म्हणून गाभण मांजर त्यांनी आमच्याकडे आणून सोडली. "आता तुझीच गं ही," मला म्हणाल्या. मी रोज तिचे केस विंचरले, माझ्या ताटातली मांदेली काटे काढून तिला भरवली. पिल्लं खायला लागली तशा काकू टोपली घेऊन आल्या आणि मांजरीसकट सगळी घेऊन गेल्या. मी रडत आईकडे धावले. "अगं, आमचं तसंच ठरलं होतं," आई म्हणाली. "तुला आधी सांगितलं असतं तर एवढं केलं असतंस का?" आणि मांजरीसाठी काढून ठेवलेली मांदेली तिने माझ्या ताटात वाढली. काकूंवरचा राग केव्हाच गेला. आईवरचा अजून आहे.