जन्मजात सद्विवेक आणि रस्त्यावरची चप्पल

माझे मेहुणे सावद्याला केळी पिकवतात आणि उरलेल्या वेळात माझ्या उद्धाराची काळजी वाहतात. मी धुळ्याकडच्या खेड्यातला. जळगावच्या एका शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो. सातचा पाढा शिकवावा लागतो तसाच देवही शिकवावा लागतो, असं माझं म्हणणं. मेहुणे म्हणतात, माणूस देव आणि सद्विवेक आईच्या पोटातूनच घेऊन येतो. हा वाद माझ्या लग्नापासून चालू आहे आणि दोघांनाही तो संपवायचा नाही.

गेल्या हिवाळ्यात माझी चार वर्षांची नात बंगळुरूहून आमच्याकडे आली होती. मुलीनं बजावलं होतं, "बाबा, तिला देवबिव काही सांगू नका. मोठी झाली की ती ठरवेल." त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीत एका महाराजांचं प्रवचन होतं. विषय होता, सद्विवेक हा परमेश्वराचा आवाज. महाराज सावद्याला मेहुण्यांकडे उतरले होते. कॉलनीच्या समितीला त्यांना आणायला गाडी हवी होती. नास्तिकाला काही कामधंदा नसतो, असं समितीचं मत असावं. मी नातीला घेऊन निघालो.

दुपारी सावद्याला जेवणं झाल्यावर मेहुणे म्हणाले, "पाहुणे, आज निकाल लावून टाकू. या पोरीला कोणी काही शिकवलेलं नाही. हिला देवघरासमोर उभी करू."

महाराज खूश झाले. "कोणी काही बोलू नका. आतून येईल."

आम्ही सगळे हात जोडून, म्हणजे मी सोडून सगळे, उभे राहिलो. नातीनं रांगत्या बाळकृष्णाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "याचे आईबाबा कुठे आहेत?" मग तिनं नैवेद्याच्या वाटीतला पेढा उचलला आणि खाऊन टाकला. वहिनींनी, म्हणजे मेहुण्यांच्या बायकोनं, तोंडावर पदर घेतला.

"बघितलंत?" महाराज म्हणाले. "प्रसाद स्वतःहून घेतला."

"काल एका लग्नात जिलेबीही तिनं अशीच स्वतःहून घेतली," मी म्हणालो.

"जिलेबीतही तोच आहे," महाराज म्हणाले.

अशा माणसाशी कोण वाद घालणार? तेवढ्यात नातीनं सगळ्यांचे हात पाहिले आणि आपलेही जोडले. मेहुण्यांचे डोळे पाणावले. ती तुमचं बघून करते आहे, हे मी तीन वेळा सांगितलं, पण ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

चारच्या सुमाराला आम्ही निघालो. महाराज पुढे माझ्या शेजारी, मेहुणे आणि नात मागे. फैजपूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि महाराज सद्विवेक समजावून सांगत होते. आतला आवाज फार बारीक असतो, म्हणाले, गोंगाटात ऐकू येत नाही. मी त्यांच्याकडे वळून काहीतरी खोचक बोलणार होतो. नेमका तेव्हाच केळीच्या पानांचा भारा बांधलेला एक सायकलवाला मला दिसला नाही. गाडीचा आरसा त्याच्या भाऱ्याला लागला आणि तो कडेच्या मातीत आडवा झाला.

गाडी थांबली नाही. थांबली नाही म्हणजे मी थांबवली नाही. मागे पाहिलं तर तो उठून बसत होता.

"उठला ना? मग झालं," मेहुणे म्हणाले. "थांबलं की गर्दी जमते. मग कोणी काही ऐकून घेत नाही."

महाराजांनी घड्याळ पाहिलं. "साडेपाचची वेळ दिलेली आहे. लोक ताटकळतील."

सायकलवालाच रस्त्याच्या मधे आला असणार, असं मी मनातल्या मनात सिद्ध करत होतो. जे दिसलं तेच वहीत लिहा, असं मुलांना जन्मभर सांगणारा मी, मला दिसलेलं सगळं मागे रस्त्यावर टाकून पुढे चाललो होतो.

"आबा," मागून नात म्हणाली, "त्या काकांची चप्पल राहिली."

"ते घेतील," मी म्हणालो.

"ती लांब पडलीये. रस्त्याच्या मधे."

महाराज मागे वळून गोड आवाजात म्हणाले, "बाळ, देव त्यांना दुसरी देईल."

"कधी?" तिनं विचारलं.

महाराजांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. नातीनं भोकाड पसरलं. काकांना चप्पल द्या, एवढं एकच वाक्य ती रडत रडत म्हणत राहिली. दोनेक किलोमीटर मी ते सहन केलं आणि मग गाडी वळवली. माझा विवेक जागा झाला, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे त्या रडण्यात गाडी चालवणं अशक्य झालं होतं.

तो माणूस पानं गोळा करत होता. कोपर सोललं होतं आणि रक्त मनगटापर्यंत आलं होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "काही नही भाऊ, थोडं खरचटनं शे. तुम्ही फिरी उनात, तेच मोठं शे. लोके थांबतस नही."

ही आमच्या धुळ्याकडची बोली; तुम्ही परत आलात हेच मोठं, असं तो म्हणत होता. माझी आई असंच बोलायची. मला त्याच बोलीत दोन शब्द बोलायचे होते, पण तोंडातून शाळेतली शुद्ध मराठीच निघाली. "आपणांस फार लागलं नाही ना?" असं काहीतरी. माझी मलाच लाज वाटली. दरम्यान मेहुण्यांचा हात धरून नातीनं रस्त्यातली चप्पल आणली आणि त्याच्या पायाजवळ ठेवली. रडं कधीच थांबलं होतं. कोपराकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

त्याला फैजपूरच्या दवाखान्यात नेऊन मलमपट्टी केली, इंजेक्शन दिलं आणि परत सायकलपाशी सोडलं. मेहुण्यांनी भारा बांधून दिला. महाराज गाडीतच बसून होते.

प्रवचन तासभर उशिरा सुरू झालं. महाराजांनी उशिराचं कारणच विषयाला जोडलं. वाटेत एका गरीब माणसाला कुठल्या तरी वाहनानं उडवलं होतं, म्हणाले. "माझ्या आतून आवाज आला, थांब. मी गाडी चालवणाऱ्याला म्हणालो, वळव." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुणे पहिल्या रांगेत मान डोलवत होते आणि मला वाटतं, त्यांना ते सगळं खरंच तसंच आठवत होतं. मी उठून बोलायला हवं होतं. नाही उठलो. त्या गोष्टीत मीही निर्दोष सुटत होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी मोडलेली सापडली. नातीला विचारलं. "मांजरानं मोडली," ती शांतपणे म्हणाली. आमच्या घरात मांजर नाही. मी लगेच मेहुण्यांना फोन लावला. "भाऊ, तुमचा जन्मजात सद्विवेक आज खोटं बोलतोय."

"ते ती तुमच्या घरी शिकली," मेहुणे म्हणाले.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "चूक काय आहे त्यांचं? काल प्रवचनाला तुमच्या मांडीवरच बसली होती ती."

प्रवचनाचा वृत्तांत कॉलनीच्या फलकावर लावायचा होता आणि तो लिहायचं काम समितीनं मलाच दिलं. पहिल्या मसुद्यात मी 'एक वाहन' लिहिलं. ते खोडून 'एक चारचाकी' केलं. शेवटी बायको समोर येऊन बसली तेव्हा 'माझी गाडी' लिहिलं आणि कागद सेक्रेटरींकडे दिला.

संध्याकाळी जाऊन पाहिलं. जागेअभावी तेवढं वाक्य त्यांनी गाळलं होतं. मी अजून तक्रार केलेली नाही.