वन्समोअर घेऊन मरणारे नाना

एका जुन्या शोकांतिकेचा सिनेमा लिहायला मी बसलो आणि तिच्यातलं राजाचं मरणच कापून टाकलं.

तो राजा म्हणजे आमचे अमरावतीचे नाना वकील. वकिली नावाला, खरा धंदा मरण्याचा. शेवटच्या अंकात विष पिऊन नाना लांबलचक भाषण करत, मग कोसळत. अकोल्याचं पब्लिक 'वन्समोअर' ओरडलं, की प्रेत उठे, मुकुट सारखा करी, पुन्हा विष पिई आणि पहिल्यापेक्षा सावकाश मरे. "पब्लिकले मरनच पायजे, बावा," नाना म्हणत. "जगनं तं त्याइच्या घरी रोजच हाये."

पुढे नानांचा घसा बसू लागला. डॉक्टरांनी नाटक बंद करायला सांगितलं. तेवढ्यात गावातल्या एका फिल्म वितरकाला निर्माता व्हायची हौस आली. लिहिणार मी आहे हे कळताच नाना घरी आले. "आवाज हाये तवर तेवढं भाषन फिल्मवर घेऊन घे. मंग मी गप बसतो."

मी तेव्हा सिनेमावरचं एक इंग्रजी पुस्तक अर्धं वाचलं होतं. सिनेमात बोलायचं नसतं, दाखवायचं असतं, असं त्यात होतं. उरलेल्या अर्ध्यात काय होतं कोण जाणे. मी लिहिलं: राजा पेला उचलतो. समई विझते. समाप्त. शूटिंगला नानांनी पेला उचलला. भाषण मागाहून घेतील, अशा समजुतीत ते राहिले. मीही राहू दिलं.

अकोल्याच्या टॉकीजमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. समई विझली, दिवे लागले, पब्लिक पायानं चपला चाचपू लागलं. 'वन्समोअर' कोणी म्हणालं नाही.

"मी मेलो कवा रे?" नानांनी विचारलं. आवाज तोवर फुंकरीएवढा उरला होता.

"समई विझली ना, नाना."

"मले वाटलं, तेल सरलं."

 हिवाळ्यात नाना अंथरुणाला लागले. मी जाऊन बसायचो. एका दुपारी नानांची बायको, म्हणजे आमच्या काकू, चहा ठेवत होत्या, घरात साखर नव्हती. मी कोपऱ्यावर गेलो. दुकानदारानं सिनेमाचं विचारलं, आणि मी त्याला समईचा अर्थ समजावत उभा राहिलो.

परतलो तर नाना गेले होते. मला काहीच वाटलं नाही. हातातली पुडी कुठे ठेवावी, एवढंच सुचेना.

"काही बोलले का?"

"सारं भाषन म्हनलं. आवाज नोता, व्हट हालत होते." काकूंनी पुडी घेतली आणि डब्यात रिकामी केली. "तुयं बरं हाये, बावा. नेमकं तेवढंच गाळतं तू."