मान तर दुखत नाही!

चूक नेहमी समोरच्याची असते, यावर आमच्या धाकट्या भाऊजींइतकी अढळ श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचा नाही. आणि पुण्यात ही स्पर्धा किती अवघड आहे, हे मी सांगायला नको. माझ्या नवऱ्याचे हे धाकटे भाऊ लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत (प्रत्येक मुलीत काहीतरी खोट निघाली), निवृत्त झाले आणि विश्रांतवाडीत आमच्याच समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून जगाचे दोष मला सकाळच्या पहिल्या चहाबरोबर ऐकावे लागतात.

गेल्या वर्षी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. झालं! शिंप्यानं काजं लहान केली. पाच शर्ट घेऊन त्याच्याकडे गेले, साक्षीला मी. शिंप्यानं बिचाऱ्यानं सगळी बटणं झरझर लावून दाखवली, तर म्हणे, "तुम्हाला सवय आहे हो. गिऱ्हाइकानं काय करायचं?" मग अक्षर बिघडलं, तो पेनाचा दोष. मग चपला पायातून निसटायला लागल्या. स्वारगेटजवळच्या दुकानात त्यांनी एकच जोड तीनदा बदलून घेतला. चौथ्यांदा मलाही सोबत नेलं. बसमधून उतरल्यावर बघते तर एक चप्पल बसमध्येच राहिलेली, आणि या गृहस्थांना एक पाय अनवाणी असल्याचा पत्ताच नाही! मी भर चौकात कपाळाला हात लावला. हे मात्र दुकानदाराला विजयी मुद्रेनं म्हणाले, "बघा, एक तर दुकानापर्यंत टिकलीसुद्धा नाही."

मला धास्तीच बसली. ओढून डॉक्टरांकडे नेलं. एमआरआय काढला. मानेच्या मणक्यांची झीज होऊन आतला मज्जारज्जू दबला होता. बटणं, अक्षर, चपला, सगळे प्रताप त्या मानेचे. "ऑपरेशन लवकर करा," डॉक्टर म्हणाल्या. "पुढचं बिघडणं थांबेल. गेलेलं परत येईलच असं नाही. उशीर केलात तर हातपाय जातील." भाऊजी शांतपणे म्हणाले, "पण माझी मान तर दुखत नाही. दुखली की येतो."

दोन महिने! दोन महिने मी त्या माणसाशी डोकेफोड केली. नवरा म्हणाला, "त्याच्या नादी लागू नकोस." का नको? चमचा हातातून सुटतोय, भिंतीला धरून चालतायत, आणि वर मलाच ऐकवतायत, "वहिनी, तुमच्या फरशा फार गुळगुळीत आहेत." हातपाय त्यांचे जायचे होते आणि झोप माझी उडाली होती. एकदा चिडून म्हटलं, "अहो भाऊजी, एकदा, फक्त एकदा, स्वतःचं काही बिघडलंय म्हणा. पेढे वाटीन मी!"

मग खराडीहून माझी सून दोन महिन्यांच्या नातीला घेऊन आली. "काका, घ्या ना," म्हणत तिनं बाळ पुढे केलं. भाऊजींनी हात पुढे केले आणि मागे घेतले. मी तयारच होते, आता दुपट्याचा दोष, नाहीतर सुनेचा.  पण ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "नको वहिनी. माझ्या हातून पडेल ती. डॉक्टरांची वेळ घ्या."

ऑपरेशन झालं. पुढचं बिघडणं थांबलंय, बोटं मात्र अजून आडमुठीच आहेत. पण त्या दिवशी दोन महिन्यांचं माझं म्हणणं त्यांनी एका वाक्यात मान्य केलं, आणि मला काही आनंद झाला नाही हो. स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाळ फार वळवळतं, असं म्हणाले असते तर किती बरं झालं असतं.