कुडव्यातलं जपानी बिछायत केंद्र

कुडव्यात माझं बिछायत केंद्र आहे. लग्न, साक्षगंध, नामकरण, गेलेल्या माणसाचा कार्यक्रम, काहीही असो, खुर्च्या, सतरंज्या, कनाती, स्वयंपाकाचे गंज-पातेली, चहाचे कप आणि पाण्याचे ड्रम आम्ही भाड्यानं देतो आणि मंडप टाकून देतो. पंचवीसेक वर्षं हे बरं चाललं. मग गोंदियाच्या आजूबाजूला लग्नाचे लॉन झाले. लॉनवाले एका फोनवर नवरदेवाच्या घोड्यापासून पानापर्यंत सगळं देतात. माझ्याकडे येणारी माणसं हळूहळू फक्त पत्ता विचारायला यायला लागली, तोही लॉनचा.

त्यात माझं सामान. गोदामाचे टिन दोन पावसाळे गळले होते. सतरंज्यांवर नकाशे उमटले होते. खुर्च्या चार रंगांच्या होत्या, कारण मी त्या चार वेगवेगळ्या उमेदीच्या काळात घेतल्या होत्या. मंडपाच्या कापडाला उंदरांनी भोकं पाडली होती. मला या सगळ्याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की मी झाकतो. म्हणून मी सगळ्या खुर्च्यांना पांढरे चकचकीत कव्हर शिवून घेतले, मागे गुलाबी गाठ.

पहिली ऑर्डर कोहमाऱ्याजवळच्या एका गावची मिळाली. लांबून मंडप अगदी लॉनसारखा दिसत होता. मी रस्त्यावर जाऊन दोनदा बघून आलो. मग पाहुणे बसले, आणि ते कव्हर किती गुळगुळीत आहेत ते कळलं. नवरदेवाचे मोठे काका अंगानं भरलेले होते. बसले की पाच मिनिटांत ते खुर्चीच्या काठावर आलेले असायचे. ते उठायचे, मागे सरकून बसायचे, पुन्हा काठावर. चौथ्या वेळी त्यांनी सरळ सतरंजीवर मांडी घातली. त्यांचं बघून सगळी वरात खाली बसली. माझ्या दोनशे खुर्च्या नव्या नवरीसारख्या नटून रिकाम्या उभ्या होत्या.

निघताना मुलीचे वडील शांतपणे म्हणाले, "खुर्च्या पाहाले बऱ्या आहेत, गा. बसाले नाई."

त्या बाजूनं नंतर बरेच दिवस फोन आला नाही.

त्याच सुमारास मुलगी पुण्याहून घरी आली. ती एका जपानी कंपनीच्या कार्यालयात आहे, ती भाषाही शिकली आहे. दोन महिने घरून काम करायची मुभा मिळाली होती. दुपारी काम नसलं की ती दुकानात येऊन बसायची. एकदा मी चिरा गेलेले कप खोक्याच्या तळाशी आणि चांगले वर असे रचत होतो. तिनं विचारलं, "लपवता कशाला, बाबा?" आणि मग तिनं मला सांगितलं, की जपानात वाबी-साबी नावाचा एक विचार आहे. वस्तू जुनी होते, झिजते, तिला तडा जातो, आणि त्यातही एक सौंदर्य असतं. फुटलेला कप तर काही लोक सोन्याची पूड घालून जोडतात. तडा झाकत नाहीत, उलट दिसू देतात.

मी भारावून गेलो. घरी जेवताना बायकोला सांगितलं.

"वाबी-साबी," ती म्हणाली. "हे कोरडं राहते का रस्स्याचं?"

मुलीनं तिला नीट समजावलं. बायकोनं ऐकून घेतलं आणि माझ्या ताटात भात वाढत म्हणाली, "दर पौर्णिमेले विहारात बसता. सगळं बदलते, सगळं झिजते, हे इतके वर्ष ऐकून राहिले. तवा काई समजलं नाई. आता जपानहून पार्सल आलं, तवा समजलं."

मी खाली बघून भात कालवला. पण उत्साह होता. दुसऱ्या दिवशी मी रंगाच्या दुकानातून सोनेरी रंगाचा डबा आणला आणि चाळीस कपांच्या चिरांवर बारीक ब्रशनं रेघा ओढल्या. दोन दिवस वाळवले. मुलगी कामात होती, तिला विचारलं नाही. तिला चकित करायचं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या सत्काराला हे कप गेले. चहा गरम होता. भाषणाला उभे राहिले तेव्हा गुरुजींच्या पांढऱ्या मिशीचं उजवं टोक सोनेरी झालेलं होतं. पहिल्या रांगेतले चार-पाच जणही तसेच. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघून गालात हसत होता, कारण प्रत्येकाला आपलं सोडून दुसऱ्याचंच दिसत होतं. मी सगळे कप गोळा केले आणि अर्धा चहा तसाच ओतून दिला. गुरुजींना घरी जाऊन खरं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी मिशी पुसली आणि कपावर काय लावलं होतं ते दोनदा विचारलं. त्यांना काही त्रास झाला नाही, पण दोन दिवस मी रोज फोन करून विचारत होतो.

मुलगी हसली नाही. तिनं मला गोदामात नेलं. "बाबा, तुम्ही आधी लपवत होता, आता मिरवून राहिले. दोन्ही एकच आहे. आधी खुर्चीवर माणूस नीट बसला पाहिजे. मग ती कोणत्या रंगाची आहे ते राहू द्या तसंच."

तीन दिवस आम्ही तिघं गोदामात होतो. एकेक खुर्ची बाहेर काढायची, तिच्यावर मी बसून बघायचं. माझं वजन या कामाला योग्य आहे असं दोघींचं मत पडलं. डुगडुगणाऱ्या बाजूला, पक्क्या आत. चिरलेले कप भंगारात गेले. एक तीन पायांची खुर्ची मला टाकवेना. मी म्हटलं, हीच तर खरी वाबी-साबी. बायको म्हणाली, "मंग हे तुमच्यासाठीच ठेवू. जेवाले याच्यावर बसत जा." ती खुर्चीही गेली.

मंडपाच्या कापडाची भोकं बायकोनं हाती घेतली. तशाच रंगाचं कापड बाजारात मिळेना, म्हणून तिनं पेटीतल्या जुन्या साड्या काढल्या आणि मोठमोठी ठिगळं लावली. जांभळी, पोपटी, फुलाफुलांची. शेजारच्या दोघी आपल्या साड्या घेऊन मदतीला आल्या. मला ते बघून पुन्हा लाज वाटायला लागली होती, पण आता ते बोलायची सोय नव्हती.

मग सालेकसा भागातल्या एका गावाहून एक अंगणवाडीताई आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. लॉनमध्ये विचारून आल्या होत्या, तिथलं जमणारं नव्हतं. लग्न दारातच करायचं ठरलं होतं, आणि त्या ते सांगताना खाली बघत होत्या. माझ्या मुलीनं मला डोळ्यांनी खुणावलं. मी सगळं सांगून टाकलं. खुर्च्या पक्क्या आहेत पण चार रंगांच्या. सतरंज्या धुतलेल्या आहेत, डाग जात नाहीत. मंडपाला साड्यांची ठिगळं आहेत. एक ड्रम खालून थोडा पाझरतो.

ताई ऐकत होत्या. मग त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "मंग आमच्या समोरच्या भिंतीले पलस्तर नाई झालं, ते चालते का?"

"चालते न," बायको आतून म्हणाली. "कायले नाई चालत?"

ताईंनी पाणी मागितलं आणि खुर्चीत मागे टेकून बसल्या. तासभर त्या आणि बायको लग्नाचंच बोलत होत्या. त्या एका तासात मला कळलं, की माझ्याकडे येणारं माणूसही आपल्या घरातलं काहीतरी झाकत आलेलं असतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. पाझरणारा ड्रम दाराशी, केळीच्या आळ्याला लागून ठेवला, पाहुण्यांना पाय धुवायला. पलस्तर नसलेल्या विटांच्या भिंतीसमोर नवरानवरीला बसवलं. वर ऊन चढलं तशी ठिगळांमधून जांभळी-पोपटी उजेडाची चौकोनं खाली पडली. मुलं त्या चौकोनांवर उड्या मारायला लागली. मला वाटलं, आता वरपक्षाचं कोणीतरी बोलणार.

नागपूरहून आलेली नवऱ्या मुलाची आत्या मंडपाखाली मान वर करून उभी होती. बराच वेळ. मी जवळ गेलो. ती म्हणाली, "हे फुलांचं पातळ कोनाचं होय?"

"माझ्या बायकोचं," मी घाबरत म्हटलं.

"माह्या आईजवळ अस्संच होतं. ते गेली तवा कोनं नेलं माहीत नाई." तिनं आपल्या बहिणीला हाक मारली. दोघी वर बघत उभ्या राहिल्या. मग गावातल्या बायका जमल्या. कोणाकडे कोणती साडी होती, कोणी कोणाच्या लग्नात नेसली होती, कोणती पहिल्याच धुण्यात आटली. वरपक्ष आणि वधूपक्ष एका ठिगळाखाली वाद घालत बसले आणि भाताला उशीर झाला तरी कोणी उठेना. आत्यानं निघताना बायकोचा हात धरला आणि ते एवढं एक ठिगळ मागितलं. बायकोनं शिडी लावून ते उसवून दिलं. परत येताना मंडपाला पुन्हा भोक होतं.

धंदा काही एकदम वाढला वगैरे नाही. लॉन जोरात आहेत आणि वर्षातले माझे दोन महिने अजूनही कोरडे जातात. पण घरच्या घरी कार्यक्रम करणारी माणसं आता शोधत येतात. आम्ही आधी काय वाईट आहे ते सांगतो, मग काय चांगलं. मोठं लग्न असलं तर मी सरळ लॉनचा पत्ता देतो. शेजारच्या दोघी ठिगळांच्या कामाला कायमच्या आल्या आहेत आणि कापडाच्या बाबतीत मला कोणी विचारत नाही.

मुलगी पुण्याला परत गेली. दर रविवारी फोनवर विचारते, "काय बाबा, काय फुटलं या आठवड्यात?" मी सांगतो.

पूर्वी पंगत बसली की मी गाडीमागे जाऊन उभा राहायचो, कोणी तक्रार घेऊन यायला नको म्हणून. आता यजमान बोलावतात तेव्हा मी पंगतीत बसतो आणि नीट जेवतो. बायको म्हणते, धंदा सुधारला का नाई ते माहीत नाई, तुमचं पोट मात्र सुधरून राहिलं.