दारावरची आत्या

माझ्या आत्याला गप्प बसता येत नाही आणि तिला नोकरी मिळाली ती दिवसभर गप्प उभं राहण्याची. आरोग्य विम्याच्या एका मोठ्या कंपनीच्या दारावर ती सुरक्षारक्षक होती. आत शिरल्याबरोबर डाव्या हाताला निळ्या पडद्याचा एक कोपरा होता. तिथं येणाऱ्या बायकांची झडती घ्यायची, एवढंच तिचं काम. हातात टुंग टुंग वाजणारी दांडी, अंगावर दोन मापं मोठा गणवेश, आणि तोंड असं की समोरच्याला पळता भुई थोडी.

झडतीला तसा किती वेळ लागतो? पण आत्याला लागायचा. "हात वर करा. कोण आजारी आहे? नवरा का?" असं विचारत ती खिसे चाचपायची. बाई पडद्याबाहेर येईपर्यंत तिच्या घरातला आजार आत्याला मुळापासून शेंड्यापर्यंत कळलेला असायचा. मग पाठीवर थाप मारून ती सांगायची, "तिसऱ्या मजल्यावर जा. आणि रडू नका बरं का. रडणाऱ्याला ते पाणी पाजतात आणि वाटेला लावतात. भांडा." ज्यांचा पगार खायचा त्यांच्याशीच लोकांना भांडायला शिकवायचं, ही नमकहरामी आहे, असं माझे बाबा म्हणत. आत्या म्हणायची, "मीठ त्यांचं कुठलं? ह्याच लोकांच्या हप्त्यांचं आहे ते."

तिचं स्वतःचं भांडणही त्याच तिसऱ्या मजल्यावर अडकलं होतं. आतोबा, म्हणजे तिचा नवरा, पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. "जन्मभर दुसऱ्यांचे पंप नीट केले आणि माझाच व्हॉल्व्ह गळका निघाला," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन लांबवलं तर माणूस हातचा जाईल, असं हॉस्पिटलनं स्पष्ट सांगितलं होतं. आत्याच्या नोकरीमुळे आतोबांचा विमा ह्याच कंपनीत होता. कंपनीनं कळवलं की आजार विमा उतरवण्याच्या आधीपासूनचा दिसतो, सबब खर्च मिळणार नाही. खाली सही कंपनीच्या डॉक्टरची. ह्या डॉक्टरनं आतोबांना कधी डोळ्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. आत्यानं त्याचं नाव नकारडॉक्टर ठेवलं. आतोबा म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. आईच्या पोटात होतो तेव्हाच मी ठरवलेलं, ह्यांना बुडवायचं म्हणून." हसता हसता त्यांना धाप लागली आणि आत्या पाठ चोळत बसली. तिनं फेरविचाराचा अर्ज केला. तो वर पडून राहिला.

अशात एका सकाळी कंपनीच्या मोठ्या साहेबांना दारासमोरच एका माणसानं गोळ्या घातल्या. उपचाराला नकार मिळाल्यावर त्या माणसाची मुलगी गेली होती. साहेबांजवळ सगळ्यात आधी पोचली ती आत्या. तिनं अंगातला कोट काढला आणि जखमेवर दाबून धरला. काही उपयोग झाला नाही.

शहरात त्या दिवसापासून दुसरा विषय नव्हता. आमच्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं गोळी घालणाऱ्याचा फोटो आरशाला चिकटवला. 'साहेबांचा दावा नामंजूर, गोळी लागण्याची शक्यता आधीपासूनच होती' हा विनोद मला इतक्या जणांनी पाठवला की शेवटी मी फोन बंद करून ठेवला. लोकांना आनंद झाला होता, आणि तो कुठून आला हे न समजण्याइतकी मी दुधखुळी नव्हते. जिथं नकार आलेला नाही असं घर आमच्या गल्लीत शोधून सापडलं नसतं.

जेवताना आमच्याकडे जुंपली. दादा म्हणाला, "बरं झालं. इतकी वर्षं अर्ज-विनंत्या केल्या, ऐकलं कुणी?" बाबा म्हणाले, "खून तो खूनच. उद्या कुणीही उठेल आणि बंदूक काढेल." मग दोघांनी आत्याकडे बघितलं.

"तुम्ही टीव्ही बघून बोलताय," ती म्हणाली. "माझे हात त्याच्या रक्तात होते. एवढी वर्षं दारातून जाताना त्यानं कधी माझ्याकडे मान वळवून बघितलं नाही, आणि मरताना माझं मनगट सोडेना. आईला हाका मारत होता."

"म्हणजे तू त्यांच्या बाजूची," दादा म्हणाला.

"कानाखाली वाजवीन! त्या पोरीला मारलं, तो खून नव्हता का? आवाज झाला नाही, एवढंच. पण गोळी घालून मिळालं काय, ते सांग ना मला. पोरगी परत आली? तुझ्या आतोबांचं ऑपरेशन झालं?" ती ताटावरून उठली.

मिळालं ते कंपनीला. तिसरा मजला लोकांसाठी बंद झाला. सुरक्षेच्या कारणास्तव कुणालाही भेटता येणार नाही, तक्रार फोनवर करावी, अशी पाटी लागली. फोन केला की बासरी वाजायची आणि वाजतच राहायची. तळमजल्यावरची हप्ते भरायची खिडकी मात्र उघडी होती. माणसं फुटपाथवर ताटकळू लागली. "एकानं गोळी घातली आणि ह्यांना जन्माचं निमित्त सापडलं," आत्या चरफडायची. "आता आपण सगळेच खुनी. ह्यांनी ऐकायचं कारणच उरलं नाही."

एके दिवशी हप्त्याच्या खिडकीकडे जायला म्हणून जाड चष्म्याची एक बाई आली. पडद्यामागं आत्यानं तिच्या पिशवीत हात घातला, तर टॉवेलात गुंडाळलेली स्वयंपाकाची सुरी.

"ही कुणासाठी?"

"वर जो बसतो त्याच्यासाठी," बाई म्हणाली. "माझ्या मुलाचे उपचार मध्येच तोडलेत. आता मला कशाची भीती नाही."

नियमाप्रमाणे आत्यानं पोलिसांना बोलवायला हवं होतं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही तुरुंगात गेलात तर त्याच्या उशाशी कोण बसेल? तो डॉक्टर?" बाईनं पिशवीवरची पकड सोडली. आत्यानं सुरी स्वतःच्या डब्याच्या पिशवीत टाकली, बाईला स्टुलावर बसवलं आणि तशीच फुटपाथवर गेली.

"ज्यांना वर भेटायचंय त्यांनी रांग लावा," तिनं हाळी दिली. "प्रत्येकाची झडती होणार. घासून पुसून होणार." पुरुषांची झडती घ्यायला तिचा जोडीदार होता, लंबू. तो आधी बिचकला, पण आत्यानं डोळे वटारल्यावर मुकाट्यानं कामाला लागला. म्हाताऱ्यांच्या काठ्यासुद्धा हलवून बघितल्या. कुणाच्या खिशात गोळ्या सापडल्या, त्या रक्तदाबाच्या. मग आत्या पुढं आणि माणसं मागं, अशी ती वरात जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर गेली. चष्मेवालीही होती.

नकारडॉक्टर टेबलामागं उभे राहिले. "हे काय चाललंय?"

"साहेब, सगळ्यांना आम्ही तपासलंय," आत्या म्हणाली. "कुणाकडे काही नाही. म्हणजे आता घाबरायचं कारण नाही. आता ऐका."

"तुमची नोकरी जाईल. नोकरीबरोबर तुमच्या मिस्टरांचा विमाही जातो, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. ऐका."

त्यांनी ऐकलं नाही, पोलिसांना फोन केला. पोलीस आले, त्यांनी पुन्हा सगळ्यांना तपासलं, काही मिळालं नाही. मग खाली आत्याची पिशवी उघडली आणि सुरी निघाली. चष्मेवाली पुढं सरसावली, पण तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आत आत्या खेकसली, "माझी आहे! काकडी चिरायला आणलीय. डब्यात काकडी नाही? विसरले असेन." इन्स्पेक्टरनं चष्मेवालीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि ताकीद देऊन सोडून दिलं. कंपनी सोडणार नव्हती. आत्याकडून तिथंच गणवेश काढून घेतला. विमा महिनाअखेरपर्यंत, असं सांगितलं.

घरी येऊन ती दारातच उभी राहिली. "मी तुमचं ऑपरेशन घालवलं," एवढंच म्हणाली आणि हुंदके देऊन रडली. मला वाटलं, आतोबा चिडतील. चिडलेच ते. "मला सोडून गेलीस वर?" म्हणाले. "उद्या मीपण येतो."

"तीन जिने चढवणार नाहीत तुम्हाला."

"मग मी खाली बसतो. उतरू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारासमोर फुटपाथवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत आतोबा बसले, शेजारी मी. मागं कालचीच माणसं, आणि काल नव्हती तीही. चष्मेवालीनं मुलाला आणलं होतं. दारावर नवी रक्षक होती, कोवळी पोर. आत्या तिच्यासमोर हात वर करून उभी राहिली. "तपास मला. नीट तपास, उगाच उरकू नकोस."

इन्स्पेक्टर आतोबांना म्हणाला, "काका, उठा आता."

"उठलो तर पडेन," आतोबा म्हणाले. "पडलो तर तुम्हालाच उचलायला लागेल. वजन आहे माझं." शिपाई हसले. गर्दी वाढत चालली, रस्ता तुंबला, कॅमेरेवाले आले. शेवटी इन्स्पेक्टरच वर गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला.

पोलिसांच्या कड्यात उभे असलेले ते डॉक्टर मला फार साधे दिसले. घाबरलेले, घामेजलेले. राग माझा तसूभरही कमी झाला नाही. आतोबांनी शर्टाची बटणं सोडली.

"न बघताच नाही म्हणालात," ते म्हणाले. "एकदा बघून म्हणा."

"माझ्याकडे स्टेथोस्कोप नाही," डॉक्टर पुटपुटले.

"कान आहेत ना?" आत्या म्हणाली.

डॉक्टर वाकले. त्यांनी आतोबांच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ ते तसेच राहिले. वर झाले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"ह्यांना असं बसवून काय ठेवलंय? लगेच दाखल करायला हवं."

"तेच तर म्हणतोय आम्ही," आत्या म्हणाली. "कधीपासून."

डॉक्टरांनी आजूबाजूला बघितलं. मग पोलिसाच्या लिहायच्या पॅडवर कागद ठेवून मंजुरीची सही केली. आत्यानं तो कागद दोनदा वाचला, माझ्या हातात दिला आणि आतोबांना खांद्याचा आधार देऊन उभं केलं. सुटलो एकदाचे, अशा चेहऱ्यानं डॉक्टर दाराकडे वळले.

आत्यानं रिकामी खुर्ची हातानं पुसली आणि लोकांकडे बघून मोठ्यानं विचारलं, "पुढचं कोण? या, बसा."