दाढ टिकूक होयी

"वायच आ कर गो."

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. आमच्या दाताच्या बाई भेटल्या की पहिलं वाक्य हे. समोरचं माणूस आपल्या डोळ्यांत न बघता तोंडात बघत बोलतंय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? बाईंशी बोलताना नेहमी तसंच व्हायचं. कट्टा गावच्या बाजारात त्यांचा दवाखाना आणि माझं ब्लाऊज शिवायचं दुकान एकाच भिंतीला लागून होतं. मी माणसांचे खांदे बघायची, त्या दात बघायच्या, त्यामुळे आमचं बरं जमायचं. एकदा लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या गृहस्थांचं नाव त्यांना काही केल्या आठवेना. ते हसले, आणि बाईंनी नाव, गाव, वरच्या डाव्या दाढेत काय भरलंय ते सगळं घडाघडा सांगितलं.

बाई मूळच्या मालवणच्या, रोज स्कूटरवरून यायच्या. बोलणं सगळं मालवणीत. पण एक खूण आम्हा शेजाऱ्यांना पाठ झाली होती. बाई शुद्ध मराठीत शिरल्या की प्रकरण गंभीर. "वायच दुखतला" म्हणाल्या तर पेशंट निवांत असायचा. "थोडंसं दुखेल हं" म्हणाल्या की तो खुर्चीचे हात घट्ट धरायचा.

आणि चौकस म्हणजे किती! एका म्हातारीने दात काढून घेतला आणि आतली कीड दाखवल्याशिवाय उठणार नाही म्हणून हटून बसली. पूर्वी कोणा वैदूने धुरी देऊन तिला कीड काढून दाखवली होती म्हणे. दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. बाईंनी स्टूल ओढून तिला विचारलं, कीड कुठल्या रंगाची होती, हलत होती का, वैदूच्या हातात आधी काय होतं. म्हातारी सांगता सांगता स्वतःच विचारात पडली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीत एक वाडगा दिसला. त्यात कोकमाचं आगळ, म्हणजे कोकमाचा आंबटढाण रस, आणि रसात बुडवलेलं कोंबडीचं अंडं. येणाऱ्या-जाणाऱ्याने त्याला बोट लावून बघायचं. कवच दिवसागणिक मऊ पडत गेलं. बाई समजावून सांगायच्या, तोंडातले जंतू गोडावर जगतात आणि आंबट सोडतात, ते आंबट दाताचं हेच करतं. लाळ ते धुऊन काढते, दाताला पुन्हा सावरते, पण तिला मधे उसंत मिळायला हवी. अंडं बघायला माझी गिऱ्हाइकं माप अर्धवट टाकून पळायची. मला राग यायचा, पण बोट मीही लावून आले.

आता माझ्या लेकीचं सांगते. तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी दिवसभर दुकानात, नवरा मालवणला कामावर, आणि मुलगी मसुऱ्याला घरी सासूबाईंजवळ. तिची खालची दाढ किडली, बाईंनी भरली. काही महिन्यांत भरलेल्या दाढेची कड पुन्हा पोखरली आणि शेजारची दाढही काळी पडली. सासूबाईंचं म्हणणं, दुधाची दाढ, पडतलीच ती. बाईंनी आरशाने बराच वेळ बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"हे असंच चालू राहिलं तर दाढ काढावी लागेल. खालून येणाऱ्या पक्क्या दाताची जागा ही दाढ राखते. ती आत्ता गेली तर तो दात वाकडा येईल."

शुद्ध मराठी. खुर्चीचे हात या वेळी मी धरले.

गोड काय खाते, त्यांनी विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, काही नाही. आणि ते खरंच होतं. सासूबाई घरात चॉकलेट शिरू देत नाहीत, बिस्किटाला त्या भुसा म्हणतात. ब्रश मी स्वतः करून घ्यायची, रात्री, वाटाण्याएवढी पेस्ट, बाईंनी सांगितलेली फ्लोराइडची. बाईंना हे कोडं सुटेना आणि सुटत नाही म्हणून चैन पडेना. शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी, घावणे खायला येते म्हणून, स्कूटर घेऊन थेट आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, हजर झाल्या.

सासूबाई परातीत आंब्याचा रस पसरून उन्हात घालत होत्या. असा थरावर थर वाळवला की त्याचं साठ होतं, चामड्यासारखं चिवट, वर्षभर टिकणारं. लेक बाजूला खेळत होती. तिचा एक गाल फुगलेला.

"वायच आ कर गो."

दाढेला साठाचा तुकडा चिकटला होता. सासूबाईंनी कौतुकाने सांगितलं, पोर कुरकुरली की तुकडा देते, तो ती गालात धरून ठेवते, दुपारी तशीच झोपते, अगदी शहाणी आहे. मी दारात उभी. खरं सांगू, मला बरंच वाटलं. आता बाई सुनावणार आणि मला ते ऐकायला मिळणार.

बाईंनी मात्र स्वतःसाठी एक तुकडा मागून घेतला आणि चघळत विचारलं, "काकी, ह्या गोड न्हय?"

"गोड खंयचा? घरचो आंबो तो. साखरेचो दाणो नाय त्येच्यात."

बघा, त्यांचं चुकलं तरी काय? आमच्याकडे गोड म्हणजे दुकानातलं. आंबा हा आंबा असतो, त्याला गोडात कोण धरतं? मीही धरला नव्हता. पण बोलता बोलता सासूबाईंचा रस पसरणारा हात थांबला. त्यांना खिडकीतलं अंडं आठवलं असावं, बाजाराला आल्या तेव्हा त्यांनीही बाहेरून बोट लावलं होतं.

"म्हणजे ह्या माज्या हातान झाला?"

त्यांचा आवाज एवढा बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. माझा सगळा आनंद तिथेच विरला.

"साठ वायट नाय, काकी," बाई म्हणाल्या. "येळ चुकली."

मग त्यांनी नीट सांगितलं. साठ जेवणाबरोबर द्यायचं, एकदाच, खाऊन संपवायचं, वर पाणी पिऊन चूळ भरायची. गालात ठेवायचं नाही, झोपताना तर नाहीच. दिवसभर थोडं थोडं चघळलं की लाळेला उसंत कुठली?

सासूबाईंनी लगेच मान डोलावली. मग माझ्याकडे बोट केलं. "ही सून दिवसभर गोड चाय पिता, तिचा काय?"

बाई वळल्या. "वायच आ कर गो." माझ्याही दोन दाढा किडलेल्या निघाल्या.

त्या दिवसापासून साठाच्या डब्याला सासूबाईंचा पहारा बसला. नातीचं जेवण झाल्यावर डबा उघडायचा, चूळ भरून होईपर्यंत त्या समोर उभ्या. बाईंनी दाढ नव्याने भरली, तेव्हा सासूबाई पहिल्यांदाच दवाखान्यात सोबत आल्या. "ती दाढ टिकूक होयी," एवढंच म्हणाल्या. दुधाची दाढ, पडतलीच, हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

बाईंनाही उत्सुकता होतीच. निघताना लेकीला बजावलं, "आपसूक पडली की कौलार टाकू नको हां. माका आणून दी. माजा सिमीट किती टिकता, ता माका बघूचा आसा." पुढची चार-पाच वर्षं प्रत्येक तपासणीला त्या दाढ हलवून बघायच्या आणि पक्की आहे म्हटल्यावर सासूबाई सगळ्या वाडीला सांगत सुटायच्या.

गेल्या वर्षी बाई आजारी पडल्या. गोव्याला नेलं, तिथून परत आल्या नाहीत. मला ते अजून नीट पटत नाही. कापड कापताना भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येईल असं वाटतं आणि कात्री थांबते.

मागच्या महिन्यात लेक शाळेतून आली ती मूठ घट्ट आवळून. दाढ पडली होती. आपसूक, वेळ झाल्यावर, आणि खालून पक्का दात सरळ वर येताना दिसत होता. आतलं सिमेंट जसंच्या तसं. नेहमीसारखी कौलावर टाकायची का, मी विचारलं. सासूबाईंनी दाढ धुतली, रुमालाच्या टोकात बांधली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कट्ट्याला आल्या.

दवाखान्याचं शटर बंद होतं, पाटी तेवढी होती. सासूबाई पायरी चढल्या. खिडकीशी, जिथे तो वाडगा असायचा तिथे, त्यांनी रुमालाची गाठ सोडली, दाढ तळहातावर घेतली आणि हात काचेजवळ नेला.

"बघ गो बाय," त्या म्हणाल्या, "टिकली."