पोळीतली अफू

माझ्या वडिलांना कसलंही व्यसन नव्हतं, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. हे सांगण्याचंच त्यांना व्यसन आहे असं मी म्हणे, अर्थात मनातल्या मनात. नाशिकमधल्या एका कचेरीत ते कारकून होते. दर पौर्णिमेला कॉलनीतल्या विहारात पंचशील म्हणून झालं की पाचव्या शीलावर, म्हणजे नशेपासून दूर राहण्यावर, ते दहा मिनिटं बोलत. त्यांचं ऐकून शेजारच्या दोघांनी दारू सोडली होती. सुपारीसुद्धा त्यांना वर्ज्य. रविवारी मात्र आईच्या हातच्या सहा पोळ्या खाऊन ते चार वाजेपर्यंत घोरत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला चांगलीच शिंगं फुटली होती. एके दिवशी प्रथिनांचं पचन शिकवता शिकवता सरांनी सांगितलं, की गव्हातल्या चिकट प्रथिनाचे पचताना जे बारीक तुकडे होतात, त्यातले काही अफूसारखे वागतात, असं परदेशात नुकतंच आढळलंय. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. सर पुढेही काहीतरी बोलत होते, पण मी वही मिटली होती. एवढी मजेदार गोष्ट कधी एकदा घरी सांगते असं मला झालं होतं.

रविवारी बाबा सहावी पोळी मोडत असताना मी म्हणाले, "बाबा, तुमची ती झोप नाही, गुंगी आहे. गव्हात अफू असते."

वाटलं होतं, हसतील. त्यांनी घास ताटात ठेवला. "कोण म्हणतं?"

"आमचे सर."

त्या दुपारी बाबा झोपले नाहीत. संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, की विहारात लोकांना नशा सोडा म्हणायचं आणि घरी येऊन अफू खायची, हे त्यांच्याच्यानं होणार नाही. आजपासून गहू बंद.

आईच्या पोळीला अख्ख्या कॉलनीत तोड नव्हती. कणीक मळताना ती एकटीच गुणगुणायची, ते थांबलं. ती बाजरीच्या भाकरी थापू लागली, आणि थापण्याचा आवाज रोज जरा जरा वाढत गेला. बाबांचं डोकं दुखू लागलं. ते कचेरीतून चिडूनच येत. "बघ," मला म्हणाले, "सोडल्यावर त्रास होतोय, म्हणजे व्यसनच होतं." मला लाज वाटू लागली. एका थट्टेपायी मी आईचं सगळ्यात आवडतं काम तिच्या हातून काढून घेतलं होतं.

शेवटी मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. "घंटेनंतरचं ऐकलं नाहीस वाटतं. हे काचेच्या नळीत दिसलंय. माणसाच्या पोटातून ते मेंदूपर्यंत पोचतं का, पोचलं तर काही करतं का, कुणालाच अजून माहीत नाही."

रविवारी जेवायच्या वेळी मी हे बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "माहीत नाही, म्हणजे नाहीच असं नव्हे." त्यांचं बरोबरच होतं.

आई भाकरी उलटत होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "मी लहान असताना आमची आई चांदवडला लोकांच्या शेतात गहू सोंगायला जायची. सोंगणी झाली का खाली पडलेल्या ओंब्या आम्ही पोरी वेचायचो. घरी रोज बाजरीच, तीबी अर्धपोटी. एका वर्षी लय ओंब्या घावल्या. आईनं दळल्या, पोळ्या केल्या, नको म्हनस्तोवर वाढल्या. मी ताटावरच झोपले. अफू नव्हती त्याच्यात. पोट भरलं व्हतं." भाकरी उतरवून म्हणाली, "तवाच ठरवलं, माझ्या घरात रोज पोळी व्हईल."

बाबा उठले, फळीवरचा कणकेचा डबा काढला आणि आईसमोर ठेवला. आईनं भाकरी बाजूला सारली आणि कणीक मळायला घेतली. पहिली पोळी तव्यावरून उतरली, तशी ती सवयीनं बाबांच्या ताटात टाकायला गेली. त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"ही तू खा. आम्ही थांबतो."

आई कायम सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलेलं आणि गार झालेलं. वीस वर्षं त्या घरात राहून ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. बाबांनी मला पोळपाट घ्यायला लावला. माझ्या जाडजूड पोळ्या आईनं गरम गरम खाल्ल्या, चांगल्या चार. "मीठ कमी पडलंय," एवढंच म्हणाली.

त्या दुपारी आई झोपली. दिवसाउजेडी झोपलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. बाबा दारात बसून होते, टक्क जागे. मोठमोठ्यानं बोलत येणाऱ्या शेजाऱ्याला त्यांनी ओठांवर बोट ठेवून पायरीवरूनच परत पाठवलं.